उघाडीवरची थाळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचं गाव आता खाडीत आहे की खाडीकाठी, हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण गोष्ट जशी माझ्यापर्यंत आली तशी सांगतो.

गावाच्या एका अंगाला खारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधात एका ठिकाणी दगडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. दाराच्या खाचांत जाड लाकडी फळी बसवलेली असे. ओहोटीला फळी उचलायची, म्हणजे शेतातलं पावसाचं जादा पाणी बाहेर जातं. भरतीला फळी बंद ठेवायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. काम एवढंच. पण त्यात चूक झाली तर पीक तर जातंच, शिवाय जमीन खारवते आणि पुढची तीन वर्षं तिच्यात गवतसुद्धा धड उगवत नाही.

हे काम एका माणसाकडे होतं. त्याचं नाव मी सांगत नाही. त्याचे वंशज अजून असतील. त्याला उघाडीवाला म्हणू. त्याच्या बापाने आणि आजानेही हेच काम केलं होतं.

उघाडीजवळच्या करंजाच्या झाडाला काशाची एक थाळी टांगलेली होती. बांध फुटला किंवा फळी अडली, की उघाडीवाल्याने ती वाजवायची. थाळी ऐकू आली की गावाने हातातलं टाकून धावायचं आणि पाणी थांबेपर्यंत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आधी पाणी, मग प्रश्न, अशी गावाची रीत होती. पण उघाडीवाल्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी थाळीला हात लावला नव्हता. थाळी वाजवणं म्हणजे आपल्याला काम जमत नाही असं गावभर सांगणं, असं त्यांना वाटे. थाळीवर कावळ्यांच्या शिटेचे थर बसले होते आणि घराला त्याचा अभिमान होता.

माणूस देवभीरू होता. रविवारचं चर्च चुकवत नसे. पण त्याला एक खोड होती. उधाणाची भरती आली, की पाण्याबरोबर जिताडे, म्हणजे खाडीतले मोठे चवदार मासे, येत. ज्याने जिताड्याचं कालवण खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. उघाडीवाला आतल्या बाजूला पिशवीसारखं जाळं बांधायचा आणि फळी वीतभर उचलायचा. पाणी उसळून आत यायचं, मासे जाळ्यात पडायचे, की फळी खाली. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी कालवण संपलं की मन खायला उठायचं. मग तो क्रूसापुढे गुडघे टेकून शपथ घ्यायचा, की प्रभू, पुन्हा नाही करणार. शुक्रवारी उपास धरायचा, आणि स्वतःच स्वतःला शिक्षा द्यायचा: चाळीस टोपल्या चिखल डोक्यावरून वाहून बांधावर टाकायचा. चाळिसावी टोपली पडली की त्याला हलकं वाटायचं. फिटलं, असं तो मनात म्हणायचा. आणि पुढच्या उधाणाला ये रे माझ्या मागल्या.

असं सात वर्षं चाललं. सगळ्या खाडीत त्या गावासारखा भक्कम बांध नव्हता. का, ते तुम्हाला आता कळलं.

पाद्रीबाबांकडे तो पापाची कबुली द्यायलाही जाई. पण सांगे काय, तर मला मासे खाण्याचा लोभ होतो. पाद्रीबाबा म्हणत, कमी खा. ताकाला जाऊन भांडं लपवल्यावर आणखी काय मिळणार?

उघाडीला लागून सर्वांत खालचं शेत त्याच्या चुलतभावाच्या विधवेचं होतं. त्या बाईला दुसरा आधार नव्हता. तिच्या शेताचा कोपरा दरवर्षी पिवळा पडू लागला, आणि दरवर्षी तो कोपरा थोडा वाढू लागला. तिने उघाडीवाल्याला विचारलं, तेव्हा खेकड्यांनी बिळं पाडली असतील, असं तो म्हणाला. पुढच्या चाळीस टोपल्या त्याने तिच्या बाजूच्या बांधावर टाकल्या. बाईला वाटलं, किती करतो हा माझ्यासाठी. तिने त्याला तांदळाच्या भाकऱ्या आणून दिल्या. त्या त्याच्या घशाखाली उतरल्या नाहीत. पुढच्या पुनवेला मात्र त्याने पुन्हा फळी उचलली. पाप असंच असतं. त्याची लाज वाटते म्हणून ते सुटत नाही. उलट लाजेमुळे ते लपवलं जातं, आणि लपवलेलं पाप आपल्या सोयीने वाढत राहतं.

मग नव्या कणसांचा रविवार आला. त्या दिवशी घराघरातून भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या आणि पाद्रीबाबांनी त्यांवर आशीर्वाद मागायचा, अशी चाल होती. नेमकी त्याच दिवशी पुनव होती आणि भरदुपारी उधाण. गाव चर्चमध्ये जमलं होतं. भरतीच्या वेळी उघाडी सोडता येत नाही म्हणून उघाडीवाला तिथेच होता. जवळपास फक्त ती विधवा, चर्चला न्यायच्या राहिलेल्या लोंब्या आपल्या शेतात वाकून कापत होती.

आज तरी नको, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगता सांगताच जाळं बांधलं आणि फळी वीतभर उचलली.

त्या क्षणी पाण्याबरोबर एक ओंडका वाहत आला आणि फळीखाली अडकला. फळी खाली बसेना. त्याने फळीवर उभं राहून पाहिलं. पाण्यात उतरून ओंडका ओढून पाहिला. पण फळी वर धरल्याशिवाय ओंडका सुटत नव्हता, आणि फळी वर धरली की ओंडक्याला हात पोहोचत नव्हता. ते दोघांचं काम होतं. पाणी धो धो आत शिरत होतं.

त्याला पहिली आठवण झाली ती जाळ्याची. आधी जाळं कापून बुडवू, मग थाळी वाजवू, म्हणजे ओंडक्यानेच फळी उचलली असं सांगता येईल. त्याने कोयती उचलली आणि जाळ्याची एक दोरी कापली. दुसरी कापताना त्याची नजर शेताकडे गेली. खारं पाणी विधवेच्या शेताच्या पहिल्या बांधोळीवरून सरकत होतं. तिची पाठ होती. तिला ते दिसत नव्हतं. अजून तीन दोऱ्या राहिल्या होत्या. तेवढ्या वेळात तिचं शेत हातचं जाणार होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सात वर्षं तो देवाला एकच वाक्य सांगत आला होता. त्या दिवशी त्याच्या तोंडून दुसरं निघालं.

"प्रभू, मला जमत नाही. दया कर."

त्याने कोयती टाकली, धावत करंजाखाली गेला आणि थाळी वाजवली.

विधवा आधी पोहोचली. तिने जाळं पाहिलं, जाळ्यात तडफडणारा जिताडा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. पण रीत रीत असते. तिने साडीचा काचा मारला, पाण्यात उडी घेतली आणि त्याला फळी धरायला सांगितली. त्याने सगळा जोर लावून फळी उचलली, तिने ओंडका ओढून काढला, फळी धाडकन खाली बसली. मागून हातात लोंब्या घेतलेलं सगळं गाव धावत आलं तोवर पाणी थांबलं होतं. विधवेचं चौथाई शेत गेलं होतं, बाकीचं वाचलं होतं.

आता प्रश्नांची वेळ होती. पण कुणी विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं, सात वर्षांचं सगळं, खेकड्यांच्या बिळांसकट. लोक भडकले. कुणी म्हणालं, याला उघाडीवरून काढा. कुणी म्हणालं, गावातूनच काढा. त्याचं स्वतःचंही तेच मत होतं. चारशे टोपल्या वाहतो आणि निघून जातो, असं तो म्हणाला.

पाद्रीबाबांनी त्याला विचारलं, "सात वर्षं देवाला काय सांगत होतास?"

"पुन्हा करणार नाही म्हणून."

"आणि आज?"

"मला जमत नाही म्हणून."

"मग आज पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललास," पाद्रीबाबा म्हणाले. "टोपल्या वाहून तू त्याची दया विकत घेऊ बघत होतास. ती तो विकत नाही, बाबा. मागणाऱ्याला देतो."

मग सगळ्यांनी विधवेकडे पाहिलं, कारण नुकसान तिचं होतं. ती तशीच भिजलेली उभी होती.

"भाऊजी, मला तुमचा राग आला आहे, आणि तो आज जाणार नाही," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ करते. देवाने मला माफ केलं तेव्हा माझ्या डोक्यावर टोपली दिली नव्हती. उघाडी तुम्हीच सांभाळा. एकच करा. ओढ लागली की फळी उचलायच्या आधी थाळी वाजवा."

आतापर्यंत डोळ्यांत टिपूस न आलेला तो माणूस तिथे बांधावर बसून रडला.

त्या वर्षी आपल्या शेतातलं निम्मं भात त्याने तिच्या खळ्यावर नेऊन ओतलं. ते फिटलं असं म्हणायला नव्हे. तिच्या घरी वर्षभर चूल पेटायला हवी म्हणून.

त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी अवसेचं उधाण आलं. मासे उसळू लागले आणि याचा हात आपोआप फळीकडे गेला. लोकांना वाटतं, माफी मिळाली की ओढ जाते. तशी ती जात नाही. पण त्या दिवशी फळी उचलली गेली नाही, थाळी वाजली. लोक फावडी घेऊन धावत आले. विधवेने धापा टाकत विचारलं, कुठे गळतंय?

"बांध धड आहे, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "मीच धड नाही."

काही जण कुरकुरत परत गेले. विधवा मात्र बांधावर बसली, पाद्रीबाबाही बसले. तिघांनी मिळून प्रार्थना केली, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि पाणी उतरू लागल्यावर घरी गेले.

त्यानंतर थाळी पुष्कळदा वाजली. पुढे महिन्यातून एकदा, मग वर्षातून एकदा. एका पुनवेला उघाडीवाला बांधावर भाकरी खात बसला होता. समोर जिताडे उसळत होते, आणि आपण त्यांच्याकडे नुसते बघतो आहोत, हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. तोवर तीन पावसाळ्यांनी विधवेचा कोपरा धुऊन निघाला होता आणि तिथे पुन्हा हिरवं भात उभं होतं. थाळीवर आता शिटेचा ठिपका नव्हता. कारण दारू न सुटणारा एक जण आणि बायकोवर हात टाकणारा एक जण, असे आणखी दोघं ती वाजवायला येऊ लागले होते, आणि गाव त्यांच्यासाठीही धावत होतं.

बोध: शपथा घेऊन आणि शिक्षा भोगून पाप सुटत नाही, जो ते उघडं करून देवाची दया मागतो, त्यालाच देव त्यातून सोडवतो.