तळघरातले द्वारपाल

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एका ठिकाणी नाही. पण ते शेवटी बघू.

एका राज्यात मधाची नदी भर रस्त्यातून वाहत असे. घरांच्या भिंती तेलाच्या. मध काही त्यांतून आत झिरपेना. म्हणून घरोघरी तळघरात द्वारपाल राहत. राजदूताने शिंग फुंकलं की ते वर येत आणि भिंतीत उभे राहत. बाहेर तोंड करून ओंजळ भरायची, गर्रकन वळायचं, आत रिकामी करायची. दोन्ही बाजू एकदम उघड्या टाकायच्या नाहीत, हा त्यांचा कुळाचार.

कालजिव्ह चेटक्याला सगळा मध एकट्याला हवा होता. त्याने शाप दिला, "द्वारपालांनो, शिंग तुम्हांला ऐकू येणार नाही!" झालं! रस्त्यात गुडघाभर मध आणि घरात माणसं उपाशी. राजकन्या मेघावतीचा थोरला भाऊ चंद्रकेतू अशाच एका घरात कोंडला गेला.

मेघावती चेटक्यापुढे उभी राहिली. "शाप कशाने सुटेल?"

"तीन प्रयत्न कर. फसलीस, तर नगरी माझी."

पहिल्या प्रयत्नात तिने शंभर शिंगं फुंकवली. दरबाराची रीतच ती: ऐकू येईना, की आणखी शिंगं. छपरं थरथरली, द्वारपाल घोरतच राहिले.

दुसऱ्या प्रयत्नात तिने भिंतीवर कुऱ्हाड घातली. पातं बाहेर काढताच तेल पुन्हा सांधलं.

आतून चंद्रकेतूचा आवाज आला, "मेघे, पुरे आता. डोळे मिटतायत."

तेव्हा वळचणीला बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, ते कानाने बहिरे आहेत. डोक्यावरची जमीन हादरली, तर शिंग हवं कशाला?"

मेघावतीने भिंतीला तोंड लावलं. "दादा, ऊठ. फुगडी घाल."

"मी मरायला टेकलोय, आणि तुला फुगडी सुचते? तीही एकट्याने?"

"खांबाला धर. की लहानपणासारखा भोवळ येऊन पडशील?"

"कोण पडायचं गं?"

"तूच!"

आत एक पाऊल वाजलं.

"हे काय दादा, मुंगी चालली वाटतं?"

धप्! मग आणखी एक. इकडे राजकन्याही गुडघाभर मधात गिरक्या घेऊ लागली. धप्, धप्, धप्! तळघरात द्वारपालांच्या मिशांवर माती पडली. "कोण नाचतंय रे वर?" म्हणत ते ताडकन उठले, धावत वर आले, भिंतीत उभे राहिले. ओंजळ भरली, वळले, रिकामी केली. पहिल्या घोटाला चंद्रकेतूचे डोळे उघडले, दहाव्याला तो गर्जला, "शेजाऱ्यांनो, नाचा!"

घरं दणाणली. नगरीभर हजारो द्वारपाल गरागरा वळू लागले. रस्त्यातला मध ओसरला तसा कालजिव्ह वाळत वाळत काडीएवढा झाला आणि वाऱ्याने उडाला. दुसऱ्या दिवशी दूताने एकच शिंग फुंकलं, तेही हलकंच. आणि सगळे द्वारपाल एका दमात वर आले.

आता कबुली. तो चेटक्या माझ्या पदरचा. द्वारपाल मात्र खरे आहेत: तुमच्या-आमच्या स्नायूंच्या पेशींत, प्रथिनांचे बनलेले. रक्तातली साखर तेच असे वळून आत घेतात. इन्सुलिनने हाक मारली की वर येतात, आणि पाय हलले तर हाकेविनाही. खोटं वाटतं? मग उठा, दोन गिरक्या घ्या!