रांगोळीच्या रेघेआत

"पाणी कधीपासून घेतलं नाहीस?"

"काल दुपारपासून," निश्चल म्हणाला. "पाणी घेतलं की उठावं लागतं, बाबा."

तो पाटावर बसला होता. पाटाभोवती रांगोळीची रेघ होती. आमच्या वाघदऱ्याच्या मठाची रीतच तशी. ज्याला गादी हवी त्याने सलग तीन वर्षं, वर्षातून एक दिवस, सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत त्या रेघेत बसायचं. उठला की गादी गेली. निश्चलचं हे तिसरं वर्ष होतं आणि दुपारचे तीन वाजले होते.

मी दारावर होतो. कुणाला आत सोडायचं नाही, एवढंच माझं काम. बाहेर मांडवात दोनेकशे भाविक बसले होते. ते आळीपाळीने उठून झाडीमागे जाऊन येत होते आणि परत बसून आतल्या माणसाच्या स्थैर्याचं कौतुक करत होते. मला त्यांची चीड येत होती. पण तो मांडव मीच घातला होता.

गेनूबाबा, आमचे गुरू, रेघेच्या बाहेर बसले. बसताना त्यांनी शाल जपून मांडीवर ओढून घेतली.

"थरथरतोयस तू."

"वारं आहे."

वारं कसलं? चैत्रातलं ऊन, वर पत्रे. मला दाराशी घाम फुटला होता.

"सकाळी लघवीचा रंग कसा होता?"

निश्चलने नजर रांगोळीकडे वळवली.

"तुझ्यानंतर मी गेलो होतो मोरीत."

"...लाल," तो म्हणाला.

बाबा रेघेच्या आणखी जवळ सरकले.

"मठात येण्याआधी तू काय शिकवायचास?"

"जीवशास्त्र. अकरावी-बारावीला."

"मग शिकव मला. मूत्रपिंडं किती?"

निश्चलची पाठ ताठ झाली. तापातही आवाज वर्गातला लागला.

"दोन. मुठीएवढी. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या कडेशी. दिवसभरात दीडशे लिटरच्या वर पाणी रक्तातून गाळून काढतात. त्यातलं जवळजवळ सगळं रक्ताला परत देतात. उरतं दीडेक लिटर. ते दोन नळ्यांतून मूत्राशयात उतरतं."

"परत का देतात?"

"शरीराला लागतं म्हणून."

"मग दीड लिटर का सोडतात?"

"त्यात नको असलेलं असतं. राहिलं तर विष होतं."

"पाणी कमी प्यायलं तर?"

"लघवी दाट होते. क्षार साचतात. खडे होतात."

"आणि तुंबवून धरली तर?"

"...जंतू वाढतात. वर चढतात, मूत्रपिंडापर्यंत."

"मग काय होतं?"

"ताप. हुडहुडी. कमरेत कळ. त्यात खडा अडकला असेल तर मूत्रपिंड..."

तो थांबला. त्याचा एक हात आपोआप कमरेकडे गेला होता. तो त्याने परत मांडीवर आणून ठेवला.

"सगळं पाठ आहे तुला," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता उठेल. नाही उठला. इतका शिकलेला माणूस इतका मूर्ख असू शकतो, याचा मला संताप आला. डोळ्यांत पाणीही आलं, ते कशाला लपवू?

"चारच तास, बाबा. दिवे लागले की तुम्ही म्हणाल त्या दवाखान्यात येतो."

"गादीसाठी?"

"तुमचे गुरू, थोरले महाराज, याच पाटावर तीन दिवस बसले. पाण्याचा थेंब न घेता. बसल्या बसल्या समाधी घेतली त्यांनी. तुम्हीच सांगता दरवर्षी. ते ऐकूनच तर मी घर सोडलं."

बाबांनी मांडीवरची शाल बाजूला केली.

धोतरातून एक नळी बाहेर आली होती. नळीच्या टोकाला पिशवी. अर्धी भरलेली, पिवळी. रोज बाबांची शाल धुवायला मी नेत होतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

निश्चलने मान फिरवली.

"बघ इकडे. दीड वर्ष झालं. म्हातारपणी प्रोस्टेटची गाठ वाढते, लघवीची वाट आवळते. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी ही नळी घातली. प्रवचनात मी चार चार तास हलत नाही, म्हणून लोक पाया पडतात. मी पडू देतो."

"तुम्ही सांगितलं नाहीत..."

"नाही. त्या बाईंना मी थोरल्या महाराजांचं सांगितलं. वर्षभर महाराजांना लघवी थेंब थेंब होत होती. बैठकीत ओटीपोट माठासारखं फुगलं. दुसऱ्या दिवशी भ्रम झाला. बाई म्हणाल्या, पहिल्याच दिवशी नळी घातली असती तर बहुतेक वाचले असते."

"म्हणजे ती समाधी..."

"लघवी तुंबून गेले ते."

बाहेर कुणीतरी जयजयकार केला. दोनशे जणांनी तो उचलला. मी दार आणखी ओढून घेतलं.

निश्चलचे ओठ सुकून पांढरे पडले होते. दात वाजत होते. तरी तो बोलला, आणि त्याच्या बोलण्यात कडवटपणा होता.

"चाळीस वर्षं तुम्ही हे पोटात ठेवलंत? का?"

"रेघेपाशी राखणीला मी होतो. लोक बघत होते. ते गेले आणि गादी मला मिळाली." बाबांनी शाल परत ओढली नाही. "गादी मऊ असते, निश्चल."

"पण ते शांतपणे गेले! एक शब्दही न बोलता. समाधीवरच्या पाटीवर तसं कोरलंय."

"पाटी मी कोरून घेतली."

बाबांनी रेघेवरून हात पुढे केला. शालीचं टोक रांगोळीवरून फिरलं आणि रेघ तिथे पुसट झाली. निश्चलने त्या हाताकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं.

"मग... काय म्हणाले होते ते?"

बाबांचा हात तसाच पुढे होता.

"दोनदा म्हणाले. 'गेनू, मला उठव.'"