आठवी जोडीदार

"बाई, जिंकलेल्या माणसाला पुन्हा खेळावंसं का वाटू नये?"

सुहास गरुडने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळा शेजवलकर बाईंना तो ऐकू गेला नव्हता असं नाही. त्या जिमखान्याच्या बाकावर बसून बूट घालत होत्या, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी बुटाच्या नाड्या बांधणं हे मन लावून करायचं काम असतं.

"कोण जिंकलं होतं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही. मी आणि वृंदाताई. गेल्या वर्षी. पंधरा-चार."

"हं..." म्हणून बाईंनी दुसरा बूट उचलला.

कऱ्हाडच्या त्या जिमखान्यात दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीची स्पर्धा होते. स्पर्धा आपली म्हणायची. आठ पुरुष, आठ बायका. निम्मे खेळतात, निम्मे चहा पितात. जोडीदार कायमचा कोणी नाही. एक डाव झाला की बाई शाळेतली जुनी घंटा वाजवतात, पुरुष आपल्या जागी थांबतात आणि बायका एकेक जागा पुढे सरकतात. आठ डावांत प्रत्येकाला प्रत्येकीबरोबर खेळायला मिळतं. गुण ज्याचे त्याच्या नावावर. शेवटी सगळ्यांना तिळगूळ, आणि पहिल्या आलेल्याला एक लाडू जास्त.

गेली तीन वर्षं तो जास्तीचा लाडू सुहासच खात होता.

मुलींच्या शाळेत खेळ शिकवता शिकवता बाईंनी ही स्पर्धा सुरू केली, त्याला सव्वीस वर्षं झाली. सुहासच्या हातात पहिली रॅकेट दिली तीही बाईंनीच, उन्हाळी शिबिरात, तो दहा वर्षांचा असताना. आता तो साखर कारखान्यात इंजिनिअर होता, दोन मुलांचा बाप होता, आणि गावात त्याला हरवेल असा कोणी उरला नव्हता. ही शेवटची गोष्ट तो स्वतःहून कोणाला सांगत नसे. पण कोणी काढली तर विषय बदलतही नसे.

यंदा बाई त्याला म्हणाल्या होत्या, "या वेळची तू करून बघ. जमली तर पुढे तुझीच."

सुहासला हेच हवं होतं. फार दिवसांपासून हवं होतं. त्याने चार रंगांत तक्ता काढला. कोण कोणाबरोबर, कोण कोणासमोर, कोणत्या मिनिटाला. बाईंना सव्वीस वर्षांत सुचलं नाही ते आपण एका बैठकीत केलं असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतही होतं.

आणि काल, गुरुवारी, वृंदा खोचीकरांनी नाव काढून घेतलं.

वृंदाताई टपाल कचेरीत काम करायच्या. बारा वर्षं त्यांनी एकही स्पर्धा चुकवली नव्हती. फोनवर म्हणाल्या, घरी कामं आहेत. त्यांच्या मागोमाग आणखी दोघींचे फोन आले. वृंदा नसेल तर आमचंही राहू दे. आठाच्या पाच झाल्या. पाच बायका आणि आठ पुरुष घेऊन जोड्या कशा फिरवणार? परवाच्या रविवारी स्पर्धा झाली नाही तर सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खंड पडणार होता, आणि तोही त्याच्या हातून.

तो बाईंना सगळं सांगत राहिला. वृंदाताई गेल्या वर्षी आठांपैकी सहा डाव हरल्या होत्या. त्याच्याबरोबर मात्र पंधरा-चार. मग राग धरायचाच तर त्या सहा जणांवर धरायला हवा. त्याने तर फोनवर त्यांना असंही सांगून पाहिलं होतं, की तक्ता बदलतो, तुमचा पहिला डाव माझ्याबरोबरच ठेवतो, म्हणजे सुरुवातच जिंकून होईल.

"मग?" बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या, तेवढं मात्र नको."

बाईंच्या नाड्या बांधून झाल्या. बाकाचा आधार घेऊन त्या सावकाश उठल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्या फारशा खेळत नसत, पण संध्याकाळी बूट घालून कोर्टावर यायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

"चल, एक डाव खेळू."

समोर नलावडे होते, निवृत्त पोलीस हवालदार, आणि त्यांची सून प्राची. सासरा आणि सून रोज जेवणाआधी तासभर खेळायचे. घरात ते एकमेकांशी जेमतेम बोलत, असं लोक म्हणायचे. कोर्टावर मात्र त्यांचं छान जमायचं.

सुहासने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्याबरोबर कोण?"

"मी."

तो घाबरलाच. बाईंना काही झालं असतं तर गावाने त्याला दारात उभं केलं नसतं. त्याने त्यांना हाताला धरून मागच्या कोपऱ्यात नेलं. "बाई, तुम्ही इथेच थांबा. अजिबात पळू नका. बाकी सगळं मी बघतो."

हे तो मायेनेच म्हणाला, त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या वर्षी वृंदाताईंनाही त्याने हेच सांगितलं होतं. त्यांचं तर काही ऑपरेशनही झालेलं नव्हतं.

डाव सुरू झाला. नलावड्यांनी पहिलंच शटलचं फूल अलगद बाईंच्या पुढ्यात टाकलं. बाईंनी रॅकेट उचलली... तेवढ्यात "माझं" असा आवाज आला आणि सुहासने ते आडवं येऊन परतवलं. दुसरं फूल बाईंच्या डोक्यावरून जात होतं. "माझं." तिसरं दोघांच्या मधोमध. "माझं."

बाईंनी चौथ्या फुलाला रॅकेट उचलली नाही.

एकट्याने सगळं कोर्ट सांभाळायचं म्हणजे कुठेतरी भगदाड राहणारच. प्राचीने ते दोनतीनदा हेरलं. सहा-सहा झाले. सुहासला घाम फुटला. मग त्याने जाळीजवळ एक जोरदार फटका मारून सातवा गुण घेतला आणि सर्व्हिस त्याच्या हातात आली.

गुण घेतलेल्यानेच पुढची सर्व्हिस करायची असते. त्यामुळे तो जिंकत गेला आणि सर्व्हिस त्याच्याकडेच राहिली. आठ, नऊ, दहा. तो आता रंगात आला होता. त्याला समोरची जाळी दिसत होती, फूल दिसत होतं आणि नलावड्यांचा डावा खांदा दिसत होता, जिथून त्यांना परतवायला जड जायचं. असं खेळताना त्याला फार सुख वाटायचं. त्या सुखात दुसरं काही मावत नसे.

मध्येच एकदा नलावडे रॅकेट खाली करून थांबले आणि सुहासच्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागले. मग कोणाला तरी मान डोलावून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला. प्राची ओठ दाबून खाली बघत होती. दोघं दमले, असा सुहासने अर्थ लावला.

"माझं." तेरा. "माझं." चौदा.

पंधरावा गुण त्याने इतका सुरेख घेतला की त्याला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली. टाळी द्यायला म्हणून तो हात वर करून वळला. "बाई, आपण जिंक..."

कोपऱ्यात कोणी नव्हतं.

त्याने दुसऱ्या कोपऱ्यात पाहिलं. तिथेही कोणी नव्हतं.

बाई बाकावर बसल्या होत्या. पायांत चपला होत्या. बूट, नाड्या सोडलेले, बाकाखाली शेजारी शेजारी ठेवले होते. हातात चहाचा कप होता आणि त्यातला निम्मा चहा पिऊन झाला होता. जिमखान्याचं कॅन्टीन मैदानापलीकडे आहे.

"काय झालं बाई? खुबा दुखला?"

"नाही."

"मग... तुम्ही कधी गेलात?"

"सात झाले तेव्हा."

सुहास मनात मोजू लागला. सातापासून पंधरापर्यंत आठ गुण. मैदान ओलांडून जायचं, चहा घ्यायचा, बाईंच्या चालीने परत यायचं, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडायच्या. एवढा वेळ तो आपल्या बाजूला एकटाच खेळत होता. आणि दर फुलाला "माझं" म्हणत होता. कोणाला सांगत होता?

त्याला लाज वाटली. कानशिलं तापली, आणि वर केलेला हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. नलावडे उगाचच कोर्टाच्या टोकाला फुलं वेचायला गेले. त्यांच्या मागे प्राचीही गेली.

तो बाईंच्या पायांशी, फरशीवरच बसला.

गेल्या वर्षीचा तो डाव त्याला लख्ख आठवत होता. पंधरा-चार. बारावा गुण आपण उलट्या हाताने कसा मारला, चौदाव्याला फूल रेषेवर कसं पडलं, सगळं. वृंदाताईंचं मात्र काहीच आठवेना. त्या दिवशी त्यांनी काय घातलं होतं, तेसुद्धा नाही. त्या तर कुठे गेल्या नव्हत्या. शेवटपर्यंत कोपऱ्यात उभ्या होत्या. डाव संपल्यावर पुढे येऊन त्यांनी त्याच्याशी हात मिळवला होता आणि "छान खेळलात" असंही म्हणाल्या होत्या. त्यावर तो "आपण" म्हणाला होता की नुसतं "थँक्यू", हेही त्याला आठवेना.



"बाई," तो शेवटी म्हणाला, "स्पर्धा माझ्याकडे नसली तरी चालेल. पण वृंदाताईंकडे मी आत्ताच जातो. त्यांची माफी मागतो."

बाईंनी उरलेला चहा संपवला. कप बाकावर ठेवला.

"माफी राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना एवढंच विचार, त्या किती झाल्यावर गेल्या."