झाकलेली विहीर

फार पूर्वी, माणसे आपले वय पावसाळ्यांनी मोजीत त्या काळी, नदीकाठच्या एका आश्रमात एक रीत होती. विद्या पुरी झालेल्या शिष्याने ‘विद्या कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर ग्रामस्थांना स्वरचित कथेतून द्यावे. कथा शेवटाआधी थांबवावी. शेवट ऐकणाऱ्याने करावा. त्यावरून गुरू निर्णय देत.

गुरू आता थकले होते. त्यांच्या आसनास योग्य असे दोन शिष्य होते. थोरल्यास सारी शास्त्रे मुखोद्गत. धाकटा पाठांतरात अडखळे. परंतु गावची पोरेबाळे त्याच्याच भोवती जमत. थोरला ते पाही आणि आतल्या आत जळे. देवापुढे हात जोडतानाही त्याचे कान धाकट्याच्या अंगणातील हशाकडे असत.

परीक्षेच्या दिवशी थोरला उभा राहिला.

“एका गावात दोन विहिरी होत्या. एक खोल, निर्मळ पाण्याची. ते गढूळ होऊ नये म्हणून तिच्यावर भक्कम झाकण होते. दुसरी उथळ, गुरेढोरेही तिच्यात तोंड घालीत. सांगा, श्रेष्ठ कोणती?”

एक कुंभारीण म्हणाली, “महाराज, झाकणाखालचं पाणी गोड की खारट, चाखलं कुणी?”

लोक हसले. थोरल्याच्या कपाळावर आठी उमटली. तो धाकट्याकडे वळला. “उथळ विहिरीशी तुझी चांगली ओळख. तूच कर शेवट.”

टोमणा धाकट्यास कळला. तरी तो शांतपणे म्हणाला, “दादा, पुढे कडक उन्हाळा आला. उथळ विहीर आटली. तहानलेले गाव खोल विहिरीकडे धावले. तिने झाकण दूर केले आणि गाव वाचले.”

गुरू थोरल्यास म्हणाले, “हा शेवट तुला मान्य असेल, तर आसन तुझे.”

एका होकाराचे अंतर होते. परंतु तो होकार धाकट्याच्या शब्दांना द्यावा लागणार होता. ते त्याला सोसेना.

“नाही,” तो म्हणाला. “माझ्या कथेत झाकण उघडत नाही.”

“मग ही कथा विहिरीची नव्हे, तुझी आहे. विद्या कशासाठी, याचे उत्तर मात्र धाकट्याच्या शेवटाने दिले,” गुरू म्हणाले, आणि त्यांनी धाकट्याचा हात धरून त्यास आसनावर बसविले.

थोरला रानात निघून गेला. तेथे तो एकटाच शास्त्रे म्हणत बसे. पुढे एके दिवशी एक श्लोक मध्येच अडला. पुढचा शब्द सांगावयास शेजारी कोणी नव्हते. मग दुसरा अडला. म्हातारपणी त्याच्यापाशी शास्त्र उरले नाही. धाकट्याच्या अंगणातील तो हशा तेवढा कानात राहिला.

तात्पर्य: ईश्वर विद्या देतो ती इतरांची तहान भागविण्यासाठी, मत्सराने ती झाकून ठेवणाऱ्याजवळ ती टिकत नाही.