काचेतली लेक आणि खऱ्या वहीचा वसा

बायांनो, हातातल्या अक्षता जरा घट्ट धरा आणि आधी मला एवढं सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलतो त्याच्यावर? रोज भेटतो त्याच्यावर? की आपली चूक आपल्या तोंडानं सांगतो त्याच्यावर? घाई नको, विचार करून सांगा. एका बाजारात एक तेलवाला होता. माप भरताना अंगठा आत बुडवायचा. वर्षभर अंगठ्या-अंगठ्यानं तेल वाचवलं आणि गिऱ्हाईक घागरीनं घालवलं. असो. सटवाईमाते, तूही ऐक, ही तुझीच कहाणी.

आटपाट पेठ होती. पेठेत सोपान नावाचा गुळाचा व्यापारी होता. घरात त्याची आई सरूबाई आणि बायको राही. राहीला दिवस गेले, सातवा महिना लागला. ओटभरणीचा दिवस ठरला. हिरवी साडी आणली, फुलांचे दागिने सांगितले, पाहुण्यांना आवतण गेलं. मग काय झालं? ओटीच्या दिवशी सकाळीच राहीच्या पोटात कळा आल्या. पाहुणे दारात आणि पोर वाटेत! सोपाननं टेम्पोतल्या गुळाच्या ढेपा रस्त्यावर उतरवल्या, गादी टाकली, राहीला निजवली आणि मोठं हॉस्पिटल गाठलं. लेक झाली. केवढी झाली? अकराशे ग्रॅम.

"अगं बाई," सरूबाई म्हणाली, "सव्वा किलोसुद्धा नाही? माझ्या दुकानातली ढेप मोठी!"

लेकीला काचेच्या पेटीत ठेवली. नाकात नळी, पायाला वायर, डोक्यावर लिंबाएवढी टोपी. तिथं रूथ सिस्टर होती, बोलायला फटकळ, हाताला मऊ. ती म्हणाली, "राही, कोपरापर्यंत हात धुवायचे. दर दोन तासांनी दूध काढून वाटीत द्यायचं, नळीतून मी पाजीन. आणि ही वही. किती दूध निघालं, किती वेळ बाळ उघड्या छातीशी धरलं, ते तू लिहायचं. डॉक्टरीणबाई ह्याच्यावरून ठरवतात." राही बरं म्हणाली.

पाचवा दिवस आला. सरूबाई कुंकू, कोरा कागद आणि पेन घेऊन दाराशी हजर. सिस्टरनं अडवलं. "आजी, ह्यातलं काही आत नाही. जंतू जातात."

"अगं पण आज पाचवी! सटवाई येईल. पोरीच्या कपाळी लिहायला नको का तिला?"

"येऊ दे की. तिलाही सांगा, आधी हात धुवायला."

सरूबाई तोंडात पदर धरून हसली, पण कागद पिशवीत परत गेला.

रोज सकाळी दहाला वजन व्हायचं. बाहेर सगळ्या काचेतल्या पोरांचे बाप, आज्या, मावश्या श्वास धरून उभ्या. सिस्टर आतून आकडा सांगायची आणि सोपान गुळाच्या लिलावासारखा पुकारायचा. "अकराशे दहा! अकराशे वीस! अकराशे चाळीस! भाव चढला हो!" ज्यांची पोरं शेजारच्या पेटीत, तेही टाळ्या वाजवायचे. आनंदानं बाकडी हलायची.

लेक वाढली, तशी तिची भूक वाढली. आता एका खेपेला पंधरा मिली दूध लागायला लागलं. राहीचं निघायचं सात, फार तर आठ. वाटीच्या तळाशी दूध बघून तिचं तोंड एवढंसं व्हायचं. त्यात सरूबाईचं सुरू. सकाळी म्हणाली, "मला इतकं यायचं, पदर भिजायचा." दुपारी म्हणाली, "शेजारणीचं पोर पाजलं मी." संध्याकाळी म्हणाली, "आमच्या घरात कधी कुणाला कमी पडलं नाही, बरं का." वाईट मनाची नव्हती, पण जीभ सुटली की सुटली.

मग राहीनं काय केलं? सरूबाईनं तिला प्यायला उकळलेल्या पाण्याचा थर्मास भरून दिला होता. राहीनं झाकणात पाणी ओतलं, निववलं आणि वाटीत घातलं. सात होतं, पंधरा झालं. वहीतही पंधरा लिहिलं. आयुष्यभर व्यापाऱ्याच्या घरात माप भरलेलं बघितलेलं, रितं माप पुढं करायची लाज वाटली. एकदा केलं, दोनदा केलं, मग सवयच झाली. आणि चोरी केलेल्या हातांनी लेकीला छातीशी कसं धरायचं? म्हणून तेही टाळायला लागली.

पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, "अकराशे वीस." सोपान गप्प. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अकराशे." बाकडं गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एक हजार ऐंशी." सगळी पडवी गप्प.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "दूध तर पुरेपूर जातंय, तरी वजन उतरतंय. आत कुठंतरी जंतू लागला असणार. उद्या दहाला दूध बंद, सलाइन चालू. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढून तपासू." राहीनं काचेतून बघितलं. लेकीची पाठ तिच्या तळहाताएवढी. त्यात सुई!

दुपारी सगळे जेवायला गेले. राही हात धुवायच्या बेसिनपाशी बसली होती. एक म्हातारी मावशी फरशी पुसत आली. काळं लुगडं, कपाळी आडवं कुंकू.

"काय गं पोरी, रडतेस का?"

"मावशी, माझी लेक वाचेल का?"

"मला कसं ठाऊक? तिचं कपाळ अजून कोरंच आहे."

राही दचकली. मावशी फडकं पिळत म्हणाली, "पाचवीला आले होते मी. हात धुतले, आत गेले. बघते तर घाईनं आलेली पोर, कपाळ बोटाएवढं, लिहू कुठं? म्हटलं, जरा वाढू दे. आई वही लिहितेय, तिच्यावरूनच उतरवून काढीन. मग वही उघडली. तुझं पंधरा खोटं, तर माझं शंभर वर्षं खरं कसं व्हायचं, सांग बरं?"

राहीनं पाय धरले. "चुकले. आता काय करू?"

"वसा घे. उठावं, कोपरापर्यंत हात धुवावेत. लेकराला उघड्या छातीशी धरावं. थेंब निघाला तर थेंब लिहावा, नाही निघाला तर नाही लिहावं. झालेलं झाकू नये, न झालेलं मांडू नये. उद्यापन काय? लेक घरी नेशील त्या दिवशी एक वाटी दूध परक्याच्या लेकराला द्यावं."

राहीनं मान वर केली, तो मावशी नाही. फरशी ओली, पण पाऊल एकही उमटलेलं नाही.

राही सांगायला निघाली. दुपारी गेली, दाराशी सासू दिसली, परतली. संध्याकाळी गेली, नवरा दिसला, परतली. सकाळ झाली, दहा वाजले, सुईचा ट्रे आला. सिस्टरनं पेटीची खिडकी उघडली. मग मात्र राही दार ढकलून आत घुसली.

"थांबा! पोरीला दूध पचत नाही असं नाही. दूधच नाही पोटात! निम्मं पाणी आहे. मी घातलंय."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून आग. "वेडी का गं तू? सात आहे म्हणाली असतीस तर उरलेलं आठ मी दूधपेढीतून आणलं असतं! आयांनी दिलेलं, तपासून ठेवलेलं दूध खाली फ्रीजमध्ये आहे. तीन दिवस उपाशी ठेवलीस!"

सोपान म्हणाला, "माझ्या घरात मापात पाणी?"

"तू गप बस," सरूबाई ओरडली. "फार आलास मापवाला! राही, ऐक. माझा पदर भिजायचा ते थोरल्याच्या वेळी. ह्याच्या वेळी थेंब आला नाही. शेळीच्या दुधावर वाढलाय हा. जावांना कळू नये म्हणून तीस वर्षं झाकलं."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तेवढं तपासायला घेतलं. जंतू निघाला नाही. म्हणाल्या, "ट्रे परत न्या. दूध आणा."

मग पेढीतलं दूध आलं. मग राहीनं हात धुतले. मग लेकीला छातीशी धरली, वरून शाल घेतली. सोपाननंही सदरा काढला. सिस्टर म्हणाली, "गुळाचा वास येतोय, आधी आंघोळ!" तो पळत गेला, पळत आला. राही धरी, मग सोपान धरी. वहीत काय लिहिलं? पहिल्या दिवशी, सात. दुसऱ्या दिवशी, सात. तिसऱ्या दिवशी, "पान्हा फुटला, अकरा." पुढं पंधरा झालं, पुढं वाटी पुरेना.

आणि वजन? "एक हजार ऐंशी." उतरलं नाही, उतरलं नाही! मग अकराशे. मग बाराशे. चौदाशेला पेटीतून बाहेर. सोळाशेला नळी गेली, लेक चुटूचुटू ओढायला लागली. अठराशेला सोपान असा ओरडला की खालच्या मजल्यावरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्यालाही गूळ मिळाला.

घरी निघायच्या दिवशी राहीनं उद्यापन केलं. वाटीभर दूध काढून पेढीत दिलं. वर आली, लेकीला उचलली, तर इवल्याशा कपाळावर केसाएवढी बारीक आठी उमटलेली. सिस्टर म्हणाली, "उजेड डोळ्यांवर आलाय." राहीनं पदरानं सावली केली. आठी तशीच राहिली.

सटवाईमाते, राहीच्या लेकीला लिहिलंस तसं काचेत निजलेल्या सगळ्या लेकरांना लिही, उशीर झाला तरी चालेल, पण भरघोस लिही. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आवरली, फळली, पुरी झाली. अक्षता वाहा. आणि बायांनो, घरी जाऊन वही उघडाल तेव्हा एवढं माझं ऐका, जेवढं झालं तेवढंच लिहा.