कोरी डिस्क

"मग चूक कोणाची?" मठाधिपती गिरीबाबांनी विचारलं.

"प्रोग्रामची, बाबा. फार जुना आहे तो. नव्या संगणकावर चालतच नाही."

शार्दूल पेडणेकर पुण्यात मोठ्या हुद्द्यावर इंजिनियर होता. मठासाठी त्यानं नवा संगणक आणला होता. मठातल्या साडेसहाशे पोथ्यांचं पान न् पान पोथीशाळा सांभाळणाऱ्या वामनअण्णा शिंपी यांनी नऊ वर्षं खपून कॅमेऱ्यात उतरवलं होतं. ते फोटो लोखंडी पेटीतल्या सहा डिस्कवर होते. कुठल्या डिस्कवर काय आहे, हे त्या एका जुन्या प्रोग्रामलाच ठाऊक.

शार्दूलनं अण्णांना न विचारताच पेटी नव्या संगणकाला जोडली आणि जुना संगणक पुसून टाकला.

प्रोग्राम उघडेना.

तेव्हा चारचौघांत तो म्हणाला, "अण्णांची पेटी आधीच बिघडलेली होती."

"माझ्याच हातून काही झालं असेल," एवढंच अण्णा पुटपुटले आणि पोथीशाळेची किल्ली बाबांच्या पायाशी ठेवून घरी गेले.

त्याला आज चार दिवस झाले होते.

"आता काय करतोयस?" बाबांनी विचारलं.

"प्रोग्रामला फसवतोय. तू जुन्याच संगणकावर आहेस, असं त्याला भासवायचं."

"आणि त्याला ते पटतं?"

"बहुतेक पटतं."

"तुझं बोलणं पटतंच सगळ्यांना..."

शार्दूलचे कान तापले. मान वर न करता त्यानं बटण दाबलं. प्रोग्राम उघडला, पण त्यात एकही डिस्क दिसेना.

शार्दूलनं आणखी दोनदा बटण दाबून पाहिलं.

"असं फसवून भागणार नाही," अखेर शार्दूल म्हणाला. "नव्या संगणकाच्या आत अख्खा जुना संगणक उभा करावा लागेल. त्याची मूळ सीडी अण्णांकडे असेल."

"मग जा, माग."

"मागायची तर... खरं सांगावं लागेल."

बाबा उठले. दाराशी शार्दूलच्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. ऐंशी वर्षांचे बाबा वाकले. दोन्ही चपला त्यांनी उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडल्या.

"बाबा, नका..."

बाबा आत निघून गेले.

अण्णा आपल्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. शार्दूल उभ्यानंच बोलला.

"अण्णा, पेटी चांगली होती. मी बिघडवली. आणि नाव तुमचं घेतलं."

अण्णांचा हात थांबला.

"मला विचारलं का नाहीस रे?"

"वाटलं... तुम्हाला काय कळतंय यातलं. आणि आता तुमच्याकडचीच मूळ सीडी मागायला आलोय."

अण्णा आत गेले. परतले तेव्हा हातात धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली सीडी होती, आणि एक वही. पेटी जोडण्याची प्रत्येक पायरी त्या वहीत वळणदार अक्षरात लिहिलेली होती.

दोघं मठात आले. अण्णा वाचत गेले, शार्दूल तसं करत गेला. नव्या पडद्यावर एका चौकटीत जुना निळा पडदा उजळला. प्रोग्राम उघडला. एक, दोन, तीन, चार, पाच डिस्क दिसल्या.

सहावी आली नाही.

"हिला काय झालं?" अण्णांनी विचारलं.

शार्दूलला आठवलं. पहिल्याच दिवशी नव्या संगणकानं विचारलं होतं, ही डिस्क कोरी दिसते, नव्यानं आखून घेऊ का? त्यानं बेफिकिरीनं 'हो' दाबलं होतं, आणि डिस्क पुसली गेली होती.

तेही त्यानं सांगितलं. हे सांगणं जास्त जड गेलं.

सहाव्या डिस्कवर शंभरेक पोथ्या होत्या. त्यांतल्या अकरा मागच्या वर्षी वाळवीनं खाल्लेल्या. फोटो तेवढे उरले होते.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"बाकीच्यांचे पुन्हा काढू," ते म्हणाले. "पानं तू धर. फोटो मी काढतो."

शार्दूलनं रजा वाढवली. रोज तो पानं धरी, अण्णा फोटो काढत. अण्णा त्याला कधी टाकून बोलले नाहीत. म्हणूनच त्यांच्याकडे त्याला बघवत नसे.

सातव्या दिवशी तो बाबांसमोर येऊन बसला.

"अण्णांनी माफ केलं, बाबा. चारचौघांतही मी खरं सांगितलं. तरी ही लाज जात नाही... कधी जाईल?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"घालवतोस कशाला? आत्ताच तर कामाला लागलीय."