राजाला चिखलातून काढणारा जॉन

“जॉनला हजर करा!” इंग्लंडातल्या एका हट्टी राजाने हुकूम सोडला आणि शिपायांनी गावातले सगळेच जॉन दरबारात धरून आणले. तेव्हा तिथे आडनावं नव्हती. जॉन म्हणून हाक मारली की निम्मं गाव वळून बघे.

झालं होतं असं की, राजा घोड्यावरून दलदलीत पडला होता. “आंधळा आहेस का रे बैला?” असं खेकसत कुणीतरी त्याला ओढून काढलं. चिखलाने माखलेल्या डोळ्यांना फक्त एक हात दिसला. त्या हाताने राजाच्या कपाळावरचा चिखल चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळला. तेवढ्यात कुणी “जॉन” म्हणून हाक मारली आणि तो निघून गेला.

“तो कोण?” राजाने विचारलं. सगळ्यांच्या माना खाली. राजाला बैल म्हटल्याचं कोण कबूल करणार?

“सूर्य मावळेपर्यंत सापडला नाही, तर सगळे तुरुंगात!”

रांगेत लोहारही होता, तोही जॉनच. त्याची मुलगी मॉड पुढे आली. “मी शोधते, महाराज. पण त्याला शिक्षा करणार नाही, असं वचन द्या.”

“आधी सापडू दे.”

“आधी वचन. तुमच्या घोड्याला नाल ठोकणारे माझे बाबा या रांगेतच उभे आहेत. ते तुरुंगात गेले, तर नाल कोण ठोकणार?”

राजाने कुरकुरत वचन दिलं.

मॉडने प्रत्येकाच्या हातावर चिखलाचा गोळा ठेवला. “धरून उभे राहा.”

“चिखल काय बोलणार?” राजा म्हणाला.

“चिखल नाही, हात बोलतील.”

उभ्या उभ्या सगळे कंटाळले. एक जॉन गोळा मळू लागला. दुसऱ्याने कपड्यांना डाग नको म्हणून हात लांब धरला. मॉडच्या बाबांनी गोळा दगडी फरशीवर ठेवून मुठीने ठोकला. आणि शेवटचा जॉन छताकडे बघत चिमटीतला चिखल अंगठ्याने चोळत होता.

“हाच तो हात!” राजा ओरडला.

“पाणचक्कीवाला,” मॉड म्हणाली. “पीठ बारीक झालं का, ते दिवसभर असंच बघतो.”

चक्कीवाल्याने हात पाठीमागे लपवला. “चिखलात सगळे सारखेच दिसतात हो, महाराज.”

“ते राहू दे. पुन्हा कोणता जॉन म्हणून बोलावू?”

“हातांवरूनच बोलवा,” मॉड म्हणाली. “हा मिलर, चक्कीवाला. तो बेकर, पाववाला. तो टेलर, शिंपी. आणि माझे बाबा स्मिथ, लोहार.”

“आणि माझं आडनाव?”

मॉडने राजाचे मऊ हात निरखले. “इथे कसलीच खूण नाही, महाराज. गावाने तुमचं एकच काम पाहिलंय, दलदलीत पडायचं. त्यावरून ठेवू?”

मग राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. “नको गं बाई, मी बिनआडनावाचाच बरा!”

त्याने मिलरला एक धष्टपुष्ट बैल दिला आणि मॉडला स्वतःला पाडणारा घोडा. “नाल मात्र,” तो म्हणाला, “स्मिथकडूनच ठोकून घे.”